सारखी मिस मारणारी पेट्रोल-सीएनजी पिकअप: पार्ट घेण्याआधी दोष कसा शोधायचा

‘नवे प्लग टाकले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ करून घेतले, तरी गाडी मिस मारतेच.’ छोट्या पिकअपच्या मालकांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. मिस मारणं, म्हणजेच मिसिंग किंवा मिसफायर: एखाद्या सिलिंडरमधलं इंधन वेळेवर न पेटणं. प्रत्येक वेळी पैसे गेले, गाडी उभी राहिली, भाडं बुडालं. आणि नेमका कुठला सिलिंडर काम करत नाही हे मात्र कुणी पाहिलंच नाही. मिसिंग हटत नाही तेव्हा बहुतेकदा दोष फार अवघड नसतो. तो कुठे आहे हे ठरवण्याआधीच पार्ट बदलायला सुरुवात झालेली असते.

हा लेख पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या, चार सिलिंडरच्या छोट्या पिकअपसाठी आहे. मारुतीची सुपर कॅरी हे त्याचं ओळखीचं उदाहरण. टाटा एसच्या ६९४ सीसी पेट्रोल इंजिनात दोनच सिलिंडर असतात, पण शोधायची पद्धत तीच. तिथे एक सिलिंडर गेला की निम्मं इंजिन गेलं, त्यामुळे लपून राहत नाही इतकंच. डिझेल पिकअपचा मामला वेगळा आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

हाताशी काय हवं? प्लगचा पाना, १० आणि १२ ची गोटी, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पाती), साधा मल्टीमीटर, टॉर्च आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर, जो इंजिनाच्या कॉम्प्युटरने साठवलेले दोषांचे कोड वाचतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजातून तासाभरासाठी मिळतं. आणि एक वही. वही खरंच घ्या, कारण या कामात ‘मघाशी काय झालं होतं’ हे विसरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी: ही मिसिंगच आहे ना?

गाडी थरथरते म्हणजे मिस मारते असं नाही. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याचा रबरी आधार, दबला असेल तर स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) केबिन हलते, पण इंजिन एका लयीत चालतं. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला असेल तर ठरावीक वेगाला थरथर येते आणि गाडी उभी असताना अजिबात नसते. क्लच धरताना झटके बसत असतील तर दोष क्लचमध्ये शोधा.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. इंजिन स्लोवर ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा, पाइपला न टेकवता. निरोगी इंजिनाचा फुसकारा सारखा येतो. एक सिलिंडर बंद असेल तर मध्ये मध्ये एक ठोका गळतो, ‘भुप-भुप-भुप… भुप-भुप-भुप’. तो ठरावीक अंतराने गळत असेल तर एकाच सिलिंडरमध्ये दोष आहे. कधी इथे, कधी तिथे गळत असेल तर सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टीकडे बघायचं: हवा, इंधन, सेन्सर.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला असेल तर कोड साठवला गेलाय. तो लुकलुकत असेल तर मात्र पाय हलका करा, शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळते. शे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी सगळ्यात महाग पार्ट गमावण्याचा हा हमखास मार्ग. माल पोचवायची घाई असते हे मान्य, तरी दिवा लुकलुकत असताना भरलेल्या गाडीने घाट चढू नका.

चार प्रश्न, बॉनेट किंवा सीट उचलण्याआधी

वहीत चार रकाने करा. गाडी थंड असताना मिस मारते की तापल्यावर? स्लोवर की लोड आल्यावर? कोरड्यात की पावसात? आणि पेट्रोलवर, सीएनजीवर की दोन्हीवर?

थंड असताना आणि पावसाळी सकाळी त्रास जास्त, दुपारी कमी, असं असेल तर पाणी किंवा ओल कुठेतरी करंट पळवतेय. तापल्यावरच सुरू होत असेल तर कॉइल (प्लगला करंट देणारी) किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) यांवर संशय घ्या. हे पार्ट गरम झाले की आतून तुटतात आणि गार झाले की पुन्हा शहाण्यासारखे वागतात. स्लोवर खराब पण रेस वाढवली की नीट, तर बाहेरून हवा आत शिरतेय किंवा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. स्लोवर मस्त आणि माळशेज चढताना, मागे टोमॅटोचे क्रेट असताना झटके, तर स्पार्क कमजोर आहे किंवा इंधन पुरत नाही. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अर्धमेली कॉइल रिकाम्या गाडीत पास होते आणि घाटात नापास.

आता चौथा प्रश्न. दोन इंधनांच्या गाडीच्या मालकाकडे डॅशबोर्डवरच एक तपासणी यंत्र असतं, ते म्हणजे इंधन बदलायचं बटण. त्याचा इतका उपयोग असूनही फार थोडे लोक तो करून घेतात. इंजिन पूर्ण तापू द्या, स्लोवर दोन-तीन मिनिटं पेट्रोलवर चालवा, मग तितकाच वेळ सीएनजीवर. नंतर त्याच रस्त्यावर, त्याच चढावर, दोन्ही इंधनांवर एकेकदा चालवून बघा.

दोन्हीवर सारखीच मिस मारते, तर पेट्रोलचा पंप, पेट्रोल इंजेक्टर, गॅसचा रेग्युलेटर यांच्यामागे लागू नका. दोन्ही इंधनांना सामाईक ते काय? प्लग, कॉइल, हवा, कॉम्प्रेशन, सेन्सर. फक्त पेट्रोलवर मारते, तर पेट्रोलची बाजू बघा. विशेषतः जी गाडी महिनोन्‌महिने गॅसवरच पळते आणि पेट्रोल नुसतं स्टार्टिंगपुरतं वापरते, तिच्या इंजेक्टरच्या तोंडाशी राळेसारखा थर जमतो. फक्त सीएनजीवर मारते, तेव्हा उत्तर जरा फसवं असतं. गॅसचा फिल्टर किंवा गॅस इंजेक्टर दोषी असू शकतो, पण तितकीच शक्यता स्पार्कची असते. हवा आणि सीएनजी यांच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवर बोंब मारतो आणि पेट्रोलवर अजून काही दिवस गप्प राहतो. गॅस किटवाल्याकडे जाण्याआधी प्लग बघायचे ते यासाठी.

कोड वाचा, पुसू नका

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावून कोड बघा आणि लगेच वहीत उतरवा. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटच्या आकड्याच्या सिलिंडरमध्ये. एक नंबर बहुतेक इंजिनांत पुलीच्या बाजूचा असतो, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा. चुकीच्या टोकाकडून मोजल्यामुळे चांगले पार्ट बदलले जातात. पी०३५१ ते पी०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे कोड, पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे. हे असतील तर पार्टआधी वायर आणि कनेक्टर बघा.

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, लोड किती होता, हे त्यात सापडतं. कोड पुसला की हीही जाते. गॅरेजात गाडी गेल्यावर पहिल्यांदा कोड पुसून ‘आता बघू परत येतो का’ म्हणण्याची सवय आहे, तेवढी टाळायला सांगा.

आणि एक सापळा. मिसफायरच्या कोडबरोबर पुष्कळदा पी०१७१ येतो, ज्याचा अर्थ मिश्रणात इंधन कमी. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण ठिणगीच पडली नाही तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर येते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो इमानदारीत तेच कळवतो. सेन्सर बरोबर असतो. आधी मिसफायर घालवा, पी०१७१ बरेचदा आपोआप जातो.

इंजिनाचा कॉम्प्युटर मिसफायर ओळखतो कसा, हेही माहीत असावं. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला छोटासा धक्का मिळतो. धक्का चुकला की क्रँक त्या क्षणी किंचित मंदावतो आणि क्रँक सेन्सर ते पकडतो. म्हणजे कोड फक्त ‘या सिलिंडरने धक्का दिला नाही’ एवढंच सांगतो. का दिला नाही, ते आपण शोधायचं.

सिलिंडर पक्का करणे

स्कॅनर नसेल किंवा नुसता पी०३०० दिसत असेल तर एकेक सिलिंडर बंद करून बघायचं. इथे कळकळीने सांगतो: चालू इंजिनाची प्लगची टोपी किंवा एचटी लीड (कॉइलकडून प्लगकडे जाणारी जाड वायर) ओढून बघू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर शिकलेले मिस्त्री अजून तसं करतात. आजच्या कॉइल हजारो व्होल्ट देतात. तुम्हाला जबर झटका बसेल, आणि जायला वाट न मिळालेला करंट कॉइल किंवा कॉम्प्युटर घेऊन जाईल.

त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढा. गाडी पेट्रोलवर घ्या, कारण गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंदच असतात आणि तुमची तपासणी फुकट जाईल. इंजिन बंद करून पहिल्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा, स्लो किती पडला ते ऐका आणि लिहा. बंद करा, कनेक्टर लावा, दुसरा काढा. तीन वेळा इंजिन अधिक लंगडेल. ज्याचा कनेक्टर काढूनही फरक पडला नाही, तो आधीपासूनच मेलेला सिलिंडर. या खटाटोपात इंजेक्टरचे नवे कोड पडतील. ते शेवटी पुसायचे, जुने तुमच्या वहीत आहेतच.

सुपर कॅरीसारख्या गाड्यांमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उलटी करून आधार नीट दिलाय ना ते दोनदा बघा, ओढणी, मफलर, सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवा, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

अदलाबदल: बिनपैशाची आणि सगळ्यात खात्रीची तपासणी

समजा कोड पी०३०३ आहे. इंजिन थंड करा. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावा, एकची तीनवर. बाकी कशाला हात लावू नका. कोड पुसा, गाडी ज्या परिस्थितीत मिस मारायची त्याच परिस्थितीत चालवा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइल बदला. पी०३०३ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग तीनचा प्लग दोन नंबरवर नेऊन तोच खेळ.

कॉइल आणि प्लग एकाच वेळी हलवायचा मोह होतो, कारण दोन्ही उघडलेलेच असतात. हलवू नका. दोष सरकला तरी दोघांपैकी कुणामुळे हे कळणार नाही.

काही इंजिनांत दोन कॉइल चार प्लगना करंट देतात, सहसा १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. १ आणि ४ दोन्ही एकदम गेले तर कॉइल, त्यातला एकच गेला तर लीड किंवा प्लग, हा सरळ हिशोब. फक्त २ आणि ३ एकदम गेले तर थांबा. ते कॉइलचे जोडीदार आहेत तसे शेजारीही आहेत, आणि दोन शेजारी सिलिंडर एकत्र जाणं हे दोघांमधलं हेड गॅस्केट फाटल्याचंही लक्षण असतं. तिथे कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

प्लग हातात घेऊन बघताना

प्लग काढण्याआधी खोबणीत हवा मारा. तिथली धूळ-खडी सिलिंडरमध्ये पडली तर नवीनच दुखणं. खोबणीत तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा प्लग ट्यूबचं सील गेलंय. ते तेल कॉइलच्या रबरी बुटात शिरतं, रबर फुगतं आणि करंट बाजूने पळतो. नुसता प्लग बदलून महिन्याभरात मिसिंग परत येण्याचं हे एक ठरलेलं कारण. पाणी साचलं असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशरने धुताना गेलंय का, हे आठवून बघा.

प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कपड्यावर ठेवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला आणि वासाचा, तर इंधन येतंय पण पेटत नाही. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलवर नजर वळवा. गॅसवर जास्त चालणाऱ्या गाडीचे प्लग पांढरट, स्वच्छ दिसतात. त्याला दोष समजू नका. तीन एकसारखे आणि एकच वेगळा, हेच खरं बघायचं.

आता पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडे या. उजेडात प्लग हळूहळू फिरवा. वरच्या टोकापासून खाली धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक करडी रेघ दिसतेय? ठिणगी टोकावर उडण्याऐवजी या रेघेवरून खाली उतरत होती. बोटाने पुसून ती जात नाही. आणि ज्या बुटात हा प्लग बसला होता त्याच्या आतल्या रबरावरही तसाच माग उमटलेला असतो. नवा प्लग जुन्या बुटात बसवला की करंट त्याच मागाने जातो आणि थोड्याच दिवसांत नव्या प्लगवरही रेघ उमटते. म्हणून अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. ‘नवे प्लग टाकूनही’ मिस मारणाऱ्या गाड्यांत मी ही रेघ पहिल्यांदा शोधतो.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप फिलर गेजने मोजा. पेट्रोलवर ०.८ ते १.१ मिमीच्या आसपास असतो, गॅससाठी बहुधा कमी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, गेज खुपसून ते मोडू नका. बसवताना आधी हाताने आटे लावा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, वाकडा प्लग पान्याने रेटला तर आटे जातात आणि मग हेड खोलण्याची पाळी येते.

वायर, उंदीर आणि अर्थिंग

शेताजवळ, गोदामात किंवा मार्केट यार्डात रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरिंगला उंदीर लागतात. इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरिंगवर टॉर्च मारून सगळीकडून बघा, खालून आरसा धरून बघा. आतली तार अर्धी तुटलेली असली की गाडी खड्ड्यात मिस मारते, सपाट रस्त्यावर नाही. इंजिन स्लोवर ठेवून एकेक कनेक्टर हलक्या हाताने हलवा. हलवताच ठोका गळला तर दोष सापडला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशी असेल तर ती साफ करा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आणि लांब पावसाळा यामुळे हे फार होतं. इंजिन आणि चासी यांमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल असेल तर सगळ्या कॉइल एकदम अर्धपोटी राहतात. ती काढून, घासून, घट्ट बसवायला दहा मिनिटं लागतात, म्हणून ती तपासल्याशिवाय कुठलाही महाग पार्ट मागवू नका.

हवा आणि पेट्रोल

इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, क्रँककेसचा श्वासाचा पाइप, यांपैकी काहीही फाटलं की न मोजलेली हवा आत शिरते. स्लोवर बारीक ‘सीऽऽ’ ऐकू येतो. स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, आधी पेट्रोलवर, मग गॅसवर. स्लोवर १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ, तर हवेची गळती. स्लोवर ठीक आणि लोड वाढेल तसा आकडा चढतो, तर इंधन पुरत नाही: फिल्टर, पंप किंवा दाब. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास चालते, पण त्याने आग लागते. गॅरेजात धुराची मशीन असेल तर ती वापरायला सांगा.

इंजेक्टर चालतोय का, हे लांब स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यावर टेकवून मुठीला कान लावला की कळतं. चारही ‘टिक-टिक’ सारखे हवेत. एक गप्प असेल तर मल्टीमीटरने रोध मोजा. या गाड्यांच्या इंजेक्टरचा साधारण १२ ते १६ ओहम असतो, आणि इथेही आकड्यापेक्षा चौघांची आपसातली तुलना महत्त्वाची.

पावसाळ्यात पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी बिघडली तर पेट्रोलच तपासा. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर धरतात. पंपाचा पाइप टाकीच्या तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करा. अशा वेळी गाडी गॅसवर नीट चालते, म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधीच इशारा देत असतं.

गॅसची बाजू: कुठपर्यंत हात लावायचा

सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. उच्च दाबाची नळी, टाकीचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर घरी उघडायचा नाही, हे काम अधिकृत केंद्राचंच. आपण इतकंच बघायचं: कमी दाबाचा फिल्टर कधी बदलला, गॅस इंजेक्टरचे कनेक्टर नीट आहेत का, वास येतो का. भरणा केंद्रातल्या कॉम्प्रेसरचं तेल थोडंथोडं गॅसबरोबर येतं आणि फिल्टरमध्ये, पुढे इंजेक्टरमध्ये चिकटतं. फक्त गॅसवर, फक्त लोडवर दम तुटत असेल आणि प्लग-कॉइल पास झाले असतील तर केंद्रात जाऊन फिल्टर आणि गॅसचा दाब तपासून घ्या. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट सक्तीची आहेच, त्याच खेपेत हे उरकता येतं.

सगळं करून झालं तरी मिस मारते: टॅपेट आणि कॉम्प्रेशन

गॅसवर पळणाऱ्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त वेळा निसटणारा दोष इथे असतो. सीएनजी कोरडं जळतं. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांना मिळणारा थोडा गारवा आणि ओलावा गॅसवर मिळत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली मोकळी जागा) कमी कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. पेटलेला वायू त्या बारीक फटीतून सुटतो, कॉम्प्रेशन जातं आणि काही काळाने व्हॉल्व्हची कड जळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर हे आधी दिसतं.

याचं लक्षण म्हणजे दोन्ही इंधनांवर, स्लोवर जास्त, एकाच सिलिंडरमध्ये मिसिंग. रेस वाढवली की झाकलं जातं. आणि टॅपेटचा आवाज अजिबात नाही. टॅपेट थोडे वाजत असतील तर लोक घाबरतात. मला गॅसच्या गाडीत अगदी गप्प टॅपेटची जास्त धास्ती वाटते.

तुमच्या इंजिनात फट हाताने लावायची सोय असेल तर थंड इंजिनावर फिलर गेजने मोजा. तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असले पाहिजेत. मॅन्युअलमधल्या जाडीची पात फटीत सरकवा. किंचित ओढ लागून सरकली तर बरोबर. सगळ्यात पातळ पातही शिरत नसेल तर फट संपलेली आहे. फट लावल्यावर कॉम्प्रेशन परत आलं तर वेळेवर सुटलात. फट आपोआप राखणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ही मोजणी नसते, तिथे सरळ कॉम्प्रेशन बघा.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन कोमट, बॅटरी भरलेली, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे सेल्फ मारा आणि आकडे लिहा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते २०० पीएसआय दाखवतं, आणि चौघांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. एक कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आणि तेलाने फरक नाही, तर गॅस्केट. गॅरेजात सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघता येते: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर गॅस्केट. हेड उतरवण्याआधी ही तपासणी करून घेतलीच पाहिजे. ‘हेड काढून बघू’ हे निदान होत नाही.

डिझेल पिकअप असेल तर

तिथे स्पार्क नाही, त्यामुळे प्लग-कॉइलचा वरचा सगळा भाग सोडून द्या. आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, मग लाइनमध्ये हवा शिरतेय का बघा, मग स्कॅनरवर इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटर कुठल्या इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते. कॉमन रेल इंजिनाची उच्च दाबाची नळी चालू इंजिनावर सैल करून ‘सिलिंडर मारून’ बघायचं नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट, कधी हात, कापावा लागतो.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा आणि गाडी दोन्ही इंधनांवर, थंड आणि गरम, रिकामी आणि नेहमीचा माल भरून चालवा. रिकाम्या गाडीची गल्लीतली फेरी ही चाचणी धरू नका. मिसिंग गेली पण गाडीत दम नाही, वेग वाढेल तशी गुदमरते, असं वाटलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळून तुंबलाय का तपासून घ्या; पी०४२० कोड आला तर संशय पक्का होत जातो. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या आणि पातळी बघा. बरेच दिवस पेट्रोलवर मिस मारत चाललेल्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर किलोमीटर व्हायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.